चोविसावा मंगळवार

सात नंबरच्या ठिकाणापुढे चोवीस रकाने होते आणि त्यातले शेवटचे सहा कोरे होते. त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. रकाने कोरेच. पंख्याच्या वाऱ्याने पानाचा कोपरा उडत होता, त्यावर त्याने स्टेपलर ठेवला आणि एकेका रकान्यावर बोट टेकवून पाहिलं, जणू बोटाखाली काहीतरी लागेल. कोऱ्या रकान्याला दचकणारा तो माणूस नव्हता. एकोणीस वर्षं तो याच टेबलाशी हेच करत आला होता. कोरा रकाना म्हणजे मोजणीदार त्या दिवशी नदीवर गेला नाही. आजारी असेल, गाडी बंद पडली असेल. कारण विचारायचं, समासात लिहायचं, पुढच्या पानावर जायचं. पण हे सहा रकाने त्याच्या ओळखीचे होते. मूळ कागदांवर यांत शून्यं होती. निळ्या शाईतली, जरा उभट, वरून तोंड पुरतं न मिटलेली सहा शून्यं. ती त्याच्या बायकोच्या हातची होती आणि प्रत्येक कागदाच्या तळाशी ‘पाहिलं’ म्हणून त्याची स्वतःची सही होती. बायकोला जाऊन आता आठ महिने होत आले होते.

बाहेरच्या माणसाला वाटेल, शून्य काय आणि कोरं काय, मासे दोन्हीकडे नाहीतच. त्याच्या मुलीलाही तसंच वाटायचं. नदी एक होती आणि तिच्यावर हक्क सांगणारे प्रांत तीन. वरच्यांना धरणं हवी होती, मधल्यांना कालवे, आणि खालच्यांना निदान पुलावरून बघितलं तर पाणी दिसावं एवढं तरी. भांडण मिटेना, तेव्हा कुणीतरी कुबड्याला मध्ये घातलं. कुबडा म्हणजे हातभर लांबीचा, पाठीवर उंचवटा असलेला मासा. तो दुसऱ्या कुठल्याच नदीत नव्हता आणि या नदीतूनही उठत चालला होता. करार असा झाला, की अंडी घालायला कुबडे जिथे उथळ पाण्यात येतात अशी दहा ठिकाणं धरायची, हंगामात दर आठवड्याला तिथे तीन तास उभं राहून मासे मोजायचे, आणि सरासरी फेरीला चार मासे दिसले तरच नव्या योजनेला पाणी उचलू द्यायचं. दहापैकी एक ठिकाण जरी चारच्या खाली गेलं तरी सगळ्यांनी वर्षभर थांबायचं. नदीवर जाऊन एकही मासा दिसला नाही तर शून्य, आणि शून्य सरासरीत धरायचं. गेलंच नाही तर कोरं, आणि ते धरायचं नाही. सात नंबरला पहिल्या अठरा फेऱ्यांत मिळून त्र्याहत्तर मासे दिसले होते. पुढचे सहा कोरे धरले तर सरासरी ४.०६, म्हणजे केसभर वर. सहा शून्यं धरली तर तीनच्या आसपास. हे त्याने कॅल्क्युलेटरवर केलं, मग खात्री वाटेना म्हणून कागदावर केलं. या वर्षी रांगेत असलेली योजना होती याच शहराच्या दुसऱ्या जलवाहिनीची. त्याची सही झाली की हा तक्ता परिशिष्ट म्हणून शुक्रवारी दुपारी तिन्ही प्रांतांच्या बैठकीपुढे जाणार होतं. आज बुधवार होता. कुठेतरी पाणी मुरत होतं.

नोंदी संगणकावर चढवणाऱ्या बाई दोन टेबलं सोडून बसत. त्याने परिशिष्ट त्यांच्यापुढे धरलं.

“सात नंबरचे शेवटचे सहा कोरे कसे?”

“साहेबांनी करायला सांगितले.”

“कधी?”

“तुम्ही रजेवर होतात तेव्हा.”

“आणि कारण?”

“मला कोण कारण सांगतंय? मी हमाल. इकडचं उचलायचं, तिकडे ठेवायचं.” मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. “अहो, चेहरा बघा तुमचा. घरी जा आज, काही बिघडत नाही.”

हा मऊ आवाज त्याला ओळखीचा झाला होता. आठ महिन्यांत सगळं ऑफिस त्याच्याशी याच आवाजात बोलत होतं, आणि त्या आवाजाच्या आडून कोण काय काय उरकून घेतंय याचा आता त्याला विचार करावा लागत होता. पूर्वी त्याला तोंडावर शंकासुर म्हणायचे. “शंकासुराकडून आला का कागद?” “शंकासुराच्या तावडीतून सुटलो बाबा.” त्याला ते आवडायचं. माणसं त्याला टरकून होती म्हणून तर दहा ठिकाणांचे आकडे धड होते. बायको गेल्यापासून कुणी त्या नावाने हाक मारली नव्हती.

तो मागच्या कोठीत गेला. मूळ कागद पाच वर्षं जपायचे हा नियम त्यानेच भांडून करून घेतला होता. सात नंबरचा गठ्ठा खालच्या फळीवर होता. उकिडवं बसून त्याने दोरी सोडली. वरचेच सहा कागद, सहा मंगळवार, सहा शून्यं, खाली सहा सह्या. त्याला आधी बरं वाटलं. आपण वेडे झालेलो नाही. मग कागदाचा तो वास आला, मेणकापडाच्या पिशवीत ठेवलेल्या कागदाचा, आणि तो तसाच बसून राहिला. बावीस वर्षं ती सात नंबरला जात होती. ऑफिसात तिला सातनंबर बाईच म्हणायचे. मंगळवारी उजाडायच्या आत ती उठायची, गमबूट पिशवीत, पिशवी स्कूटरच्या पायाशी, की चाळीस मिनिटांत नदी. तो संध्याकाळी ऑफिसातून यायचा तेव्हा बूट गॅलरीत निथळत असायचे आणि दारापासून गॅलरीपर्यंत फरशीवर मातीची ठिपक्यांची रांग असायची. त्या रांगेवरून त्यांचं दर मंगळवारी वाजायचं. घर म्हणजे नदीचा काठ आहे का, हे त्याचं ठरलेलं वाक्य. आणि मग जेवताना दुसरं ठरलेलं वाक्य, “आज किती?” ती सांगायची, चार, सहा, तीन. एकदा अकरा म्हणाली होती आणि तो आकडा सांगताना पोरीसारखी हसली होती. पण ही शेवटची शून्यं सुरू झाली तेव्हाचं जेवण त्याला आता वेगळं आठवत होतं.

“आज किती?”

“शून्य.”

“मागच्या आठवड्यातही शून्यच होतं.”

“होतं.”

“पाणी गढूळ होतं का?”

“असेल.”

“असेल म्हणजे? तू तिथे होतीस ना?”

“अहो शंकासुर, जेवा आता. मासे काय माझ्या पदराला बांधलेले आहेत?”

तो हसला होता. दुसऱ्या दिवशी कागद टेबलावर आला तेव्हा त्याने सही केली होती. दुसऱ्या कुठल्या मोजणीदाराची ओळीने शून्यं आली असती तर त्याने त्याला समोर उभं करून घाम फोडला असता. ते मोजणीदार हे बोलूनही दाखवत, घरच्या बाईला सूट आहे म्हणून. सूट नव्हती. तिच्या आकड्यावर त्याचा विश्वास होता, आणि विश्वास ठेवलेला तो एकच आकडा कुणीतरी त्याच्या पाठीमागे पुसला होता.

कुणीतरी काय, साहेबांनी. घरी जाताना, बस दोनदा चुकवून पायीच जाताना, तो साहेबांचा विचार करत राहिला. साहेब पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. जलवाहिनीला परवानगी मिळाली तर ती त्यांच्या हातची शेवटची मोठी गोष्ट. एवढ्यावर तो थांबू शकला असता, पण मनाला एकदा उतार मिळाला की ते थांबत नाही. साहेब आणि ती एकाच वर्षी नोकरीला लागले होते, दोघं मोजणीदार, दोघं सात नंबरला, त्याचं लग्न व्हायच्या आधी. साहेब तिला अजून एकेरी बोलवायचे. तिला दवाखान्यात दाखल केलं त्या बुधवारी त्याने कुणालाच कळवलं नव्हतं, सुचलंच नव्हतं, आणि गुरुवारी सकाळी साहेब दारात हजर. हातात काही नाही, फळं नाहीत, फुलं नाहीत, नुसते उभे. त्या वेळी त्याला ते माणुसकीचं वाटलं होतं. आता पाल चुकचुकली. यांना कुणी सांगितलं? आणि शेवटच्या दिवशी सगळे निघून गेल्यावर साहेब दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून रडत होते. तो स्वतः रडला नव्हता. त्याला तेव्हा पावत्या, दाखले, सह्या करायच्या होत्या, आणि एक माणूस पायरी अडवून बसलाय याचा त्याला राग आला होता. एखादा माणूस दुसऱ्याच्या बायकोसाठी एवढा का रडतो? तो रस्त्यात थांबला. दुकानदार शटर धूत होता. इतकं घाणेरडं आपण मनात आणलं, याची लाज त्याला वाटली, पण आणलेलं परत जाईना.

दिवेलागणीला मुलीचा फोन आला. ती लांब राहायची, रोज याच वेळी फोन करायची आणि रोज तेच विचारायची.

“बाबा, जेवलास?”

“जेवेन. ऐक, आईच्या कागदांवर सहा शून्यं होती. कुणीतरी ती उडवलीत.”

“बाबा, पुन्हा नको ना.”

“पुन्हा काय?”

“आधी डॉक्टरांनी औषध चुकीचं दिलं म्हणून दोन महिने. मग त्या नर्सने फोन उशिरा केला म्हणून. आता शून्यं.”

“हे वेगळं आहे.”

“दर वेळी वेगळंच असतं. मावशीकडे दिवसाआड पाणी येतं, माहितेय ना तुला? तिची इमारत त्या नव्या लाइनवर येणार आहे. चौथ्या मजल्यावर बादल्या चढवते ती, या गुडघ्यांनी.”

“तू आईच्या बाजूने आहेस की मावशीच्या?”

“आईच्या बाजूने म्हणजे काय रे बाबा? आई गेली.”

फोन ठेवल्यावर त्याने हरकतीची टिपणी लिहायला घेतली. सात नंबर, फेरी एकोणीस ते चोवीस, मूळ कागदांवर शून्य, परिशिष्टात कोरे, बदल विनाकारण. वाक्यं भराभर येत होती. तिचं नाव कुठे लिहायचं नव्हतं, मोजणीदार एवढंच, पण त्याला वाटत होतं आपण तिच्यासाठी पहिल्यांदा काहीतरी करतोय. दवाखान्यात करायला काही राहिलंच नव्हतं. बुधवारी ती मोरीत पडली आणि आठवा दिवस बघितला नाही. लोक विचारायचे तेव्हा तो सांगायचा, सगळं एकदम झालं हो, काही कल्पनाच नव्हती. हे वाक्य त्याने इतक्यांदा म्हटलं होतं की ते गुळगुळीत झालं होतं.

गुरुवारी सकाळी तो टिपणी घेऊन साहेबांच्या खोलीत गेला. साहेब पेन्सिलीला टोक करत होते. संगणक आल्यापासून त्यांना पेन्सिल लागत नव्हती, तरी रोज सकाळी ते चार पेन्सिलींना टोक करत.

“या. मला वाटलंच होतं.”

“सात नंबरची सहा शून्यं तुम्ही पुसलीत.”

“कोरी केली.”

“माझ्या सहीवरची. कुणाला विचारून?”

“तिला विचारून,” साहेब म्हणाले. “बसा.”

“मी उभाच बरा.”

साहेबांनी पेन्सिलीचं भुसकट तळहाताने एका जागी गोळा केलं. “ती गेलीच नव्हती हो नदीवर. घरी बसून शून्यं लिहिली. इथे, या खुर्चीत बसून मला सांगितलंन. म्हणाली, शेवटची शून्यं सगळी खोटी आहेत, तेवढी कोरी करा. पण आत्ता नको, हंगाम संपल्यावर. कोरा रकाना दिसला की हे कारण विचारतील.”

“हे म्हणजे?”

“तुम्ही. आणखी कोण कारण विचारतं इथे?”

त्याने खुर्चीची पाठ धरली. “मग मंगळवारी होती कुठे ती?”

“दवाखान्यात. पोटाचे डॉक्टर मंगळवारचेच बसतात. त्या बुधवारी तुम्ही टेबल तसंच टाकून धावलात, तेव्हाच मी समजलो. फाइल असेल ना तुमच्याकडे? तारखा बघा.”

“तुम्हाला सांगितलं तिने. मला नाही.”

“तेवढं मला विचारू नका.” साहेबांनी भुसकट टोपलीत टाकलं. “मी म्हटलं होतं तिला, घरी सांग. म्हणाली, सांगणार आहे. पण एकदा यांनी विचारायला घेतलं ना, की मला आजारी पडायलाही सवड मिळायची नाही.”

तो टिपणी हातात घेऊन बाहेर आला. कुणी काही विचारलं नाही. अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो घरी गेला. फाइल कपाटाच्या तळाशी कापडी पिशवीत होती. दवाखान्यातून निघताना कुणीतरी ती त्याच्या हातात कोंबली होती आणि त्याने ती उघडली नव्हती. जगात त्याने न तपासलेली तेवढीच एक फाइल असेल. त्याने भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढून पलंगावर पसरलं आणि शिक्का मारलेल्या तारखा एकेक करून लावल्या. एकोणिसावा मंगळवार, रक्त तपासणी. विसावा, सोनोग्राफी. एकविसावा. बाविसावा, इथे कुणीतरी नातेवाइकांना सोबत आणणे असं लिहून खाली रेघ मारली होती. तेविसाव्याला पुन्हा तेच, दोन रेघा. म्हणजे पाच आठवडे ती उजाडायच्या आत उठून, बूट पिशवीत घालून, नदीच्या उलट्या दिशेला जात होती. तो बूट आठवत राहिला. संध्याकाळी गॅलरीत बूट तर ओले असायचे. हो, ओले असायचे, आणि स्वच्छ. फरशीवर ठिपके नसायचे. मोरीतल्या नळाखाली ती ते धरत असणार, कोरडे बूट, तो यायच्या आधी. आणि तो म्हणाला होता, “वा, सुधारलीस की गं इतक्या वर्षांनी.” पाचही वेळा नाही, पण दोनदा तरी नक्की म्हणाला होता.

सवयीने त्याने पुन्हा तारखा मोजल्या. पाच. फाइल झाडून पाहिली, पानं एकमेकांना चिकटली असतील म्हणून बोटाला थुंकी लावून सोडवली. पाचच. चोविसाव्या मंगळवारचा शिक्का नव्हता. त्यानंतर एकदम बुधवार, तातडीचा विभाग. शून्यं सहा आणि दवाखाना पाच वेळा. त्याच्या आत काहीतरी उठून बसलं. मग त्या दिवशी कुठे होती? साहेब म्हणाले सगळी खोटी. साहेबांना एवढं सगळं माहीत होतं. त्याने फोन लावला.

“ती तुमच्याकडे येऊन सांगून गेली, तो वार कोणता?”

“सोमवार,” साहेब म्हणाले. “बुधवारी दाखल केलीत ना, त्याच्या आधीचा.”

“सोमवारी शून्यं पाच होती. सहावं मंगळवारचं.”

पलीकडून टेबलावर पेन्सिल ठेवल्याचा आवाज आला. “शेवटची सगळी, म्हणाली होती. मी नंतर गठ्ठा उघडला तर सहा होती. सहा कोरी केली.”

“सहावं खोटं आहे असं ती म्हणाली नव्हती.”

“अहो, बुधवारी तिला उभं राहता येत नव्हतं. मंगळवारी ती नदीवर कुठली जातेय? मी धरून चाललो.”

“धरून चाललात. आणि पाच कोरे, एक शून्य धरलं तर सरासरी किती होते ते पाहिलंत?”

“नाही,” साहेब म्हणाले. मग थोड्या वेळाने, “पाहिलं.”

त्र्याहत्तर भागिले एकोणीस. ३.८४. ते एक शून्य खरं असेल तर जलवाहिनी थांबणार होती, आणि खोटं असेल तर चालू होणार होती. त्याला जलवाहिनीचं त्या घडीला काहीच वाटत नव्हतं. त्याला एवढंच कळायला हवं होतं, की आयुष्यातल्या शेवटच्या धड दिवशी आपली बायको कुठे होती. तो उठून गॅलरीत गेला. वाळत घातलेले कपडे बाजूला केले, कुंड्यांच्या मागे पाहिलं. बूट कोपऱ्यात, जुन्या वर्तमानपत्राखाली, एकावर एक पडलेले होते. दवाखान्यातून परत आल्यावर कधीतरी त्यानेच ते पायाने तिकडे सरकवले होते. त्याने एक उचलला आणि उलटा केला. तळव्याच्या खाचांत माती भरलेली होती. नुसती माती नव्हे, करडी माती आणि तिच्यात पांढरी बारीक वाळू, आणि टाचेच्या खाचेत वाटाण्याएवढा गुळगुळीत खडा अडकलेला. या वाळूवरून तो लग्नापासून भांडत आला होता. झाडून जात नाही, पायाला टोचते. पाच आठवड्यांच्या धुतलेल्या बुटांवर ती आली कुठून? नंतर तर बूट कुणी घातलेच नव्हते. आणि मग त्याला ती संध्याकाळ आठवली. बुधवारच्या आदली संध्याकाळ. दारात मातीचे ठिपके, आणि तो ओरडतोय, “घर म्हणजे नदीचा काठ आहे का?” म्हणजे ती गेली होती. सोमवारी साहेबांना सगळं सांगून झाल्यावर, लपवायचं काही न उरल्यावर, एकदा खरंच गेली होती.

त्याने बूट पिशवीत घातले आणि शुक्रवारी सकाळी ऑफिसला घेऊन गेला. पिशवी टेबलाखाली ठेवली. बुटांचं काय लिहिणार? तक्त्यात बूट कुठे बसवायचे? पण मूळ कागदांवर पाण्याच्या तापमानाचा रकाना होता आणि तो त्याने सहा वेळा सही करताना पाहूनही पाहिला नव्हता. ती थर्मामीटर दशांशापर्यंत वाचायची, १३.७, १४.२, अठरा फेऱ्या तशाच. पुढच्या पाच कागदांवर १४, १४, १५, १५, १५. घरी बसून लिहिलेले आकडे, पोरांनाही कळले असते. शंकासुराला कळले नव्हते. आणि सहाव्या कागदावर ११.६. आठवडाभर ऊन तापलेलं असताना. त्याने पुलाखालच्या स्वयंचलित यंत्राच्या नोंदी मागवल्या. त्या मंगळवारी सकाळी ११.५. वरच्या धरणाने पहाटे तळाचं गार पाणी सोडलं होतं, आधी न कळवता. नदीत पाय घातल्याशिवाय हा आकडा कुणाला सुचला नसता. कुबडे त्या गारठ्यात उथळात येणार नव्हतेच. ते शून्य खरं होतं. पोटात ते दुखणं घेऊन ती गार पाण्यात तीन तास उभी राहिली होती आणि तिने खरं काय ते लिहिलं होतं.

त्याने आधीची टिपणी फाडली आणि नवी लिहिली. फेरी एकोणीस ते तेवीस, कोरे, कारण मोजणीदार आजारी. फेरी चोवीस, शून्य, आधार पाण्याचं तापमान. त्या पाच फेऱ्यांच्या तापमानांवर तपासनिसाने सही करायला नको होती, हेही एक वाक्य घातलं. साहेबांनी ते उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं.

“एका शून्यासाठी तिन्ही प्रांत माझ्या नावाने बोटं मोडणार.”

“ती गेली होती.”

“आणि मी जाणूनबुजून केलं असं तुम्हाला वाटतं?”

त्याने साहेबांकडे पाहिलं. म्हातारा झाला होता माणूस. “माहीत नाही,” तो म्हणाला. “वाटतंही, नाहीही.”

“शंकासुर,” साहेब म्हणाले, आठ महिन्यांत पहिल्यांदा, आणि पेन्सिल बाजूला सारून पेनने सही केली.

दुपारी परिशिष्ट ३.८४ घेऊन बैठकीला गेलं. दुसरी जलवाहिनी वर्षभर पुढे गेली हे संध्याकाळपर्यंत शहराला कळलं असावं, कारण तो घरी येऊन बूट गॅलरीत ठेवतोय तोच मेहुणीचा फोन वाजला. तो तयारीने उभा राहिला.

“भाऊजी, तुम्हीच अडवलंत म्हणे.”

“हो.”

“तुमची लेक सांगत होती, ताईच्या कुठल्या शून्यावरून. ताई गेली होती का खरंच त्या दिवशी? तसल्या दुखण्यात?”

“गेली होती.”

मेहुणीच्या मागे नळाखाली बादली सरकवल्याचा आवाज आला. “मग राहू दे,” ती म्हणाली. “इतकी वर्षं दिवसाआड, अजून एक. तुम्हाला मात्र मी शिव्या घालणार आहे जिना चढताना, आधीच सांगून ठेवते.” मग तिचा स्वर खाली आला. “परत आल्यावर काही बोलली का हो तुम्हाला? शेवटचं असं?”

“नाही,” तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याला दार दिसलं. ती आत आलेली नव्हती. एक हात चौकटीवर टेकून उंबऱ्यात उभी होती, बूट पायातच, ओठ निळसर. अंधार पडायला आला तेव्हा कुठे ती पोचत होती, एरवी दुपारीच यायची, आणि हेही त्याला तेव्हा खटकलं नव्हतं. “अहो, जरा बसा ना,” ती म्हणाली होती. “एक सांगायचंय.” तो बसला नव्हता. तो फरशीकडे बघत होता. नदीच्या काठाचं ते वाक्य त्याने म्हणून घेतलं, आणि मग विचारलं, “आज किती?”

“शून्य.”

“सलग सहावं? नक्की गेली होतीस ना तू?”

तिने खाली मातीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. काही सांगायला उघडलेलं तोंड तिने मिटलं आणि वाकून एकेक बूट काढला. वेळ लागला तिला.

“बूट उद्या धुते,” ती म्हणाली, आणि आत गेली.